डॉक्टरची पदवी हातात, पण अमेरिकेचा परवाना?

मागच्या महिन्यात एका रविवारी आमच्या वस्तीतील एक गृहस्थ सकाळीच घरी आले. गोदीत नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मुलीच्या गुणपत्रिका नीट घडी करून ठेवलेल्या. मुलगी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एम.बी.बी.एस. झाली, इंटर्नशिप संपत आली आहे. वस्तीतील पहिली डॉक्टर.

"भाऊ, पोरगी म्हणते अमेरिकेला जायचं. एजंट म्हणतो साडेचार लाख भरा, सहा महिन्यांत अमेरिकेच्या हॉस्पिटलात उभी करतो. फंडाचे पैसे बँकेत आहेत. तुम्ही कागदं वाचता, एवढं बघा."

आम्ही त्यांना म्हटले, "दादा, पंधरा दिवस थांबा. तोवर एक पैसाही देऊ नका." आम्ही वैद्यकातले नाही, बी.कॉम. झालेले कारकून आहोत. पण फॉर्म, नियम आणि बारीक अक्षरातल्या अटी वाचण्यातच आमची वीस वर्षे गेली. त्या पंधरा दिवसांत जे वाचले, विचारले आणि समजून घेतले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण अशा पिशव्या घेऊन फिरणारे आईबाप आता आपल्या घराघरांत तयार होत आहेत.

एजंटाचे वाक्य आधी तपासू. "हॉस्पिटलात उभी करतो" हे त्याचे बोलणे अक्षरशः खरे होते. त्याच्या कागदावर शब्द होता ऑब्झर्वरशिप. म्हणजे अमेरिकन डॉक्टरच्या मागे उभे राहायचे आणि बघायचे. रोग्याला हात लावायचा नाही, औषध लिहायचे नाही, पगार नाही. शेवटी जमले तर त्या डॉक्टरचे शिफारसपत्र मिळते. अशा पत्राला पुढे किंमत असते हेही खरे. पण ती नोकरी नव्हे आणि परवाना तर नव्हेच नव्हे. दादांना हा फरक कोणी सांगितला नव्हता.

पदवी वेगळी आणि परवाना वेगळा, ही गोष्ट आपल्याकडे फारशी जाणवत नाही. येथे पदवी घेतली, इंटर्नशिप केली, वैद्यक परिषदेकडे नोंदणी केली की पाटी लावता येते. अमेरिकेत साऱ्या देशाचा एक परवाना नाही. प्रत्येक राज्याचे वैद्यकीय मंडळ आपापला परवाना देते. बाहेर शिकलेल्याला त्याआधी ई.सी.एफ.एम.जी. या संस्थेचे प्रमाणपत्र लागते. ही संस्था १९५६ मध्ये निघाली आणि आज फिलाडेल्फिया शहरात आहे. त्याच शहरात कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या होत्या. आज मराठी मुलीचे कागद तपासणीसाठी तिकडेच जातात.

प्रमाणपत्रासाठी यू.एस.एम.एल.ई. या परीक्षेचे पहिले दोन टप्पे पास व्हावे लागतात. येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने आशियाई लोकांना दार उघडले आणि भारतीय डॉक्टर मोठ्या संख्येने गेले. १९७६ मध्ये तेथील संसदेने आता डॉक्टर पुरे झाले असे ठरवून दार ओढून घेतले. पुढे कितीतरी वर्षे बाहेरच्यांची परीक्षा वेगळी आणि तेथे शिकलेल्यांची वेगळी होती. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना १९८२ मध्ये निघाली, ती अशी दुजाभावाची वागणूक मोडून काढण्यासाठीच. १९९२ ते १९९४ या काळात यू.एस.एम.एल.ई. आली आणि सर्वांना एकच प्रश्नपत्रिका मिळू लागली. परीक्षा कठीण आहे याबद्दल आमची तक्रार नाही. रोग्याच्या जिवाशी गाठ आहे, परीक्षा कठीणच हवी. सर्वांना सारखी असली म्हणजे झाले.

या परीक्षेचा पहिला टप्पा जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास झाला, त्यामुळे सारा भार दुसऱ्या टप्प्याच्या गुणांवर आला आहे. कोणताही टप्पा चारपेक्षा जास्त वेळा देता येत नाही. पूर्वी एक प्रात्यक्षिक परीक्षाही होती. ती अमेरिकेतल्या पाचच शहरांत होई. परदेशी डॉक्टरला सुमारे १,६०० डॉलर फी आणि वर विमानाचे तिकीट पडे. कोरोनाच्या वेळी ती थांबली आणि २०२१ मध्ये कायमची बंद झाली. पहिले दोन्ही टप्पे आता भारतातल्या केंद्रांवर देता येतात, तिसरा मात्र अमेरिकेतच द्यावा लागतो. आणि एक इशारा. 'जुने प्रश्न देतो' म्हणणाऱ्या क्लासपासून मुलांना दूर ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये प्रश्न फुटल्याच्या संशयावरून नेपाळशी संबंधित शेकडो परीक्षार्थींचे निकाल अवैध ठरविण्यात आले. त्यांच्यापैकी काही कोर्टात गेले. त्यांत निर्दोष किती होते कोण जाणे, पण वर्षे सगळ्यांचीच गेली.

इतके झाले की प्रमाणपत्र मिळते. आमच्या दादांची समजूत अशी की येथे गड सर झाला. खरा दरवाजा येथून पुढे आहे.

त्या दरवाजाचे नाव रेसिडेन्सी. तेथील हॉस्पिटलात तीन ते सात वर्षे पगारावर राहून प्रशिक्षण घ्यायचे. याशिवाय बहुतेक राज्ये परवाना देत नाहीत. मग तुम्ही येथे पंधरा वर्षे शस्त्रक्रिया करीत असलात तरी तिकडे पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर रांगेत उभे राहायचे. त्यातही न्यूयॉर्कसारख्या राज्यात तेथे शिकलेल्याला एक वर्षाची रेसिडेन्सी परवान्याला पुरते आणि बाहेरच्याला तीन वर्षांची लागते. परीक्षा एक झाली, पण फूटपट्टी अजून दोन आहेत.

रेसिडेन्सीच्या जागा 'मॅच' नावाच्या पद्धतीने भरतात. उमेदवार हॉस्पिटलांची पसंती लिहितो, हॉस्पिटले उमेदवारांची लिहितात, यंत्र जोड्या लावते. मार्च महिन्यातल्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल लागतो. २०२४ चे आकडे पाहा. अमेरिकेत एम.डी. शिकणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली. बाहेर शिकलेल्या परदेशी नागरिकांपैकी ५८.५ टक्क्यांना. म्हणजे परीक्षा पास झालेले, प्रमाणपत्राच्या लायकीचे डॉक्टर, त्यांतले शंभरातले चाळीसहून अधिक त्या शुक्रवारी हात हलवीत परत. पदवीला जास्त वर्षे झालेल्यांचे अर्ज तर कित्येक हॉस्पिटले उघडूनही पाहात नाहीत. लग्न करून नवऱ्यामागे अमेरिकेला गेलेल्या आणि मुले मोठी होईपर्यंत थांबलेल्या आपल्या मुलींना हा नियम फार बोचतो. आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याची भाची न्यू जर्सीत आहे. येथे ती बालरुग्णांच्या वॉर्डात रात्रपाळ्या करीत असे, आज तिकडे मुलांचे डबे भरते आणि रात्री दुसऱ्या टप्प्याची पुस्तके वाचते.

जागा कमी का? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकात नाही, जमाखर्चात आहे. रेसिडेंट डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा मोठा खर्च मेडिकेअर, म्हणजे वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या निधीतून येतो. १९९७ च्या अंदाजपत्रकी कायद्याने हा पैसा हॉस्पिटलांच्या १९९६ मधील जागांएवढाच मिळेल असे बांधून टाकले. त्या वर्षी तेथील बड्या वैद्यकीय संघटनांचेही म्हणणे होते की डॉक्टर गरजेपेक्षा जास्त होणार. त्या गाठीला पहिली ढील मिळाली ती २०२० च्या डिसेंबरात, आणि तीही फक्त १,००० जागांची. दरम्यान भाकीत साफ उलटले. अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०२४ मध्ये अंदाज दिला की २०३६ पर्यंत ८६,००० पर्यंत डॉक्टर कमी पडतील. गावोगावच्या लोकांना डॉक्टर नाही, आणि शिकलेला डॉक्टर दाराबाहेर. याला अमेरिकेचे शहाणपण म्हणावे असे आम्हांला वाटत नाही.

कोरोनाच्या वेळी याचा कळस झाला. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीने परदेशी परवाना असलेल्या डॉक्टरांना तात्पुरते काम देण्याचे जाहीर केले. हजाराहून अधिक अर्ज आले, परवाने मोजक्यांच्याच हाती पडले. माणसे मरत होती तेव्हाही अर्ज टेबलावरच होते. कचेरीत वीस वर्षे काढल्यामुळे ते टेबल आम्हांला डोळ्यांपुढे दिसते.

आता खर्च. दोन टप्प्यांची फी प्रत्येकी १,००० डॉलरच्या आसपास. प्रात्यक्षिक परीक्षेऐवजी जी तपासणी आली तिची सुमारे ९०० डॉलर. रेसिडेन्सीच्या अर्जांचा २०२४-२५ च्या हंगामातला दर असा: एका शाखेत पहिल्या ३० अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला ३० डॉलर. बाहेरचा उमेदवार शंभर ठिकाणी अर्ज करतो, कारण कोण बोलावील याचा नेम नाही. ते झाले २,४३० डॉलर. बेरीज ५,३३० डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ४ लाख ५३ हजार रुपये. योगायोग पाहा, एजंट फक्त उभे राहण्याचे जेवढे मागत होता तेवढ्यात जवळजवळ सगळी खरी फी भागते. यात इंग्रजीची परीक्षा, मॅचची नोंदणी, प्रवास आणि व्हिसा धरलेला नाही. आणि एका वर्षी जागा मिळाली नाही तर अर्जांची फी पुन्हा पहिल्यापासून.

पैशाइतकीच अडवणूक करणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे नाव. ती आपल्या घरांत विशेष घडते म्हणून जरा विस्ताराने लिहितो. ई.सी.एफ.एम.जी. पदवी थेट महाविद्यालयाकडून पडताळून घेते. पासपोर्टवरचे नाव आणि पदवीवरचे नाव जुळले पाहिजे, वेगळे असेल तर नाव बदलल्याचा कायदेशीर पुरावा द्यावा लागतो. आता आपली स्थिती पाहा. आजोबांच्या काळी शाळेत मास्तरांनी जे ठोकून दिले ते आडनाव, पुढे वडिलांनी राजपत्रात देऊन बदललेले दुसरे, मुलीच्या दाखल्यावर पहिले, पासपोर्टवर दुसरे, लग्नानंतर तिसरे. कुठे वडिलांचे नाव मध्ये, कुठे आडनाव पुढे. इंग्रजी स्पेलिंगची तर गोष्टच नको. आपल्या शेजाऱ्यांना हे सगळे एकच माणूस असे ठाऊक असते. फिलाडेल्फियातल्या टेबलाला ते ठाऊक नसते. म्हणून दहावीच्या दाखल्यापासून सगळे कागद एका ओळीत मांडा आणि फरक असेल तर मुलगी शिकत असतानाच दुरुस्त करा. पदवी छापून आल्यावर तीच दुरुस्ती चौपट जड जाते.

कागद जुळले, जागाही मिळाली, तरी व्हिसा उरतोच. बहुतेकांना जे-१ मिळतो. त्यासाठी आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते आणि प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. १९९४ पासून एक पळवाट कायद्यानेच दिली आहे. डॉक्टर नसलेल्या भागात तीन वर्षे काम करा, परतण्याची अट माफ. आज प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० माफ्या देता येतात. अमेरिकेच्या कितीतरी खेड्यांत याच वाटेने आलेला डॉक्टर आहे. पण भरवसा कशाचाच नाही. मे २०२५ च्या अखेरीस या व्हिसाच्या नव्या मुलाखती तीन आठवडे थांबवल्या गेल्या, आणि रेसिडेन्सी तर साधारण १ जुलैला सुरू होते. एच-१बी घ्यायचा तर तिसरा टप्पा आधी पास लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचे शुल्क लावण्याचा हुकूम निघाला.

थोडा उजेडही आहे. २०२३ मध्ये टेनेसी राज्याने कायदा केला की अनुभवी परदेशी डॉक्टरने तेथील रेसिडेन्सी पुन्हा न करता, हॉस्पिटलाच्या देखरेखीखाली काम करून परवाना मिळवावा. मागोमाग फ्लोरिडा, व्हर्जिनिया, आयोवा, विस्कॉन्सिन अशा राज्यांनीही तसे कायदे केले. प्रमाणपत्र मात्र यांनाही लागते, नोकरी देणारे हॉस्पिटल आधी मिळावे लागते, आणि रेसिडेन्सी नसल्याने विशेषज्ञांच्या मंडळाची मान्यता सहसा मिळत नाही. शिवाय ही वाट अनुभवींची आहे. नुकत्या पास झालेल्या मुलीची नव्हे. एजंट या कायद्यांचे नाव घेऊन पैसे मागू लागले तर एवढे ध्यानात ठेवावे.

पंधराव्या दिवशी दादा आले, या वेळी मुलगीही बरोबर होती. आम्ही हिशेबाचा कागद पुढे ठेवला. दादा बराच वेळ गप्प होते. मुलगी म्हणाली, "काका, शंभरातले चाळीस परत येतात तर साठ जातातही ना?" आम्ही म्हटले, "जातात बेटा. पण फंड सगळा लावून नको."

मग ठरले ते असे. सरकारी कॉलेजचे बंधपत्र आहे, त्याचे एक वर्ष ग्रामीण भागात काढायचे. त्यात पगारही आहे आणि रोगी हाताळण्याचा अनुभवही. अभ्यास दोन्हीकडचा करायचा, येथल्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा आणि अमेरिकेच्या पहिल्या टप्प्याचा. दुसऱ्या टप्प्याचे गुण पाहून मगच मोठा खर्च.

तिच्या दहावीच्या दाखल्यावर आडनावाचे स्पेलिंग वेगळे निघाले आहे. दादा सोमवारी राजपत्राच्या प्रतीसाठी गेले होते, साहेब रजेवर म्हणून परत आले. उद्या आम्ही अर्धी रजा टाकून त्यांच्याबरोबर जाणार आहोत.