गम बदलून गळती थांबत नसते

पावसाळा सरत आला की अमरावतीच्या राजापेठेतल्या हार्डवेअरच्या काउंटरवर एक मागणी हमखास ऐकू येते. "भाऊ, असा वॉटरप्रूफ गम द्या का प्लाय पुन्हा फुगलाच नाही पाहिजे." मागणारा कधी ट्रॅव्हल्सवाला असतो, कधी अॅम्ब्युलन्सची बॉडी बांधणारा, तर हल्ली कधीमधी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा जुनी मिनीबस घेऊन तिचं चाकावरचं घर करणारा हौशी माणूस. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, तेव्हा ही मंडळी वाढणारच. दुकानदार फळीवरचा सगळ्यात महाग डबा काढून देतो, गिऱ्हाईक समाधानाने निघून जातं आणि दोन पावसाळ्यांनी तोच माणूस त्याच काउंटरवर उभा असतो. "गम डुप्लिकेट होता" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

गम बहुतेक वेळा अस्सलच असतो. त्याच्याकडून जे काम होणारच नाही, ते त्याच्यावर सोपवलेलं असतं.

गाडीची आतली भिंत म्हणजे काय असते ते आधी पाहू. बाहेर पत्रा किंवा फायबर, आत लोखंडी पाइपांचा सांगाडा, पाइपांमधल्या जागेत थर्माकोल किंवा फोम, त्यावर प्लाय आणि सगळ्यात वर सनमायका किंवा रेक्झिन. पाणी शिरतं ते खिडकीच्या रबरातून, टपावरच्या जोडातून, कॅरिअरच्या बोल्टाच्या भोकातून, एसीसाठी कापलेल्या खिडकीतून. ते पत्र्याच्या आतल्या अंगाने ओघळतं आणि खालच्या पट्टीत साचतं. प्लायची कापलेली कड तिथेच टेकलेली असते. लाकूड पाणी शोषतं ते मुख्यतः अशा उघड्या कडेतून. वर सनमायका असल्यामुळे शोषलेलं पाणी गाडीच्या आत वाळत नाही आणि पाठीमागे पत्रा असल्यामुळे बाहेरही जात नाही. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं मिळतं. या सगळ्या साखळीत गमाचा संबंध कुठे येतो? कुठेच नाही.

बडनेरा रोडवरच्या एका गॅरेजात खिडकीखालचं असंच एक पॅनेल निघताना मी पाहिलंय. पाइपावरचा गमाचा थर चकचकीत होता, नख घातलं तरी सुटत नव्हता. त्याला चिकटून प्लायचा फक्त वरचा पापुद्रा उरला होता. त्यामागचं लाकूड स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ओल्या भुशासारखं गळून पडलं. मिस्त्री म्हणाला, "पाहा, गम किती भारी होता!" आता यावर काय बोलायचं, बाप्पा?

डब्यावरच्या दाव्याचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. सुतारी गमाचं वर्गीकरण करणारं ईएन २०४ हे युरोपीय मानक आहे आणि आपल्याकडच्या काही डब्यांवरही डी-३, डी-४ असं छापलेलं असतं. डी-३ च्या चाचणीत चिकटवलेला लाकडाचा तुकडा चार दिवस थंड पाण्यात ठेवून मग सांध्याची ताकद मोजतात. डी-४ साठी त्याला सहा तास उकळत्या पाण्यातूनही काढतात. मोजला जातो तो सांधा. पाणी त्या सांध्यातून पलीकडे जातं का, शेजारचं लाकूड पुढच्या पोळ्यापर्यंत टिकतं का, याची परीक्षा तिथे होतच नाही.

मरीन प्लायचंही तेच. आयएस ७१० या भारतीय मानकात प्लायचा नमुना ७२ तास उकळतात. ही कसोटी आतल्या पापुद्र्यांना जोडणाऱ्या फिनॉलिक रेझिनची असते. या मानकात लाकडावर संरक्षक रसायनाची प्रक्रियाही सांगितलेली आहे, म्हणून असा प्लाय जास्त टिकतो, यात वाद नाही. पण "७१० आहे, कुजतच नाही" असं म्हणून त्याच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवणारे कारागीर पाहिले की वाटतं, मग साधा प्लायच घ्यायचा होता, निदान पैसे तरी वाचले असते. कापलेल्या प्रत्येक कडेला, प्रत्येक भोकाला इपॉक्सीचा किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा हात मारायचा आणि प्लाय खालच्या पट्टीपासून बोटभर वर ठेवायचा. आणि नुसत्या '७१०' शिक्क्यावर जाऊ नका. आयएसआय चिन्हासोबतचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपवर टाकून पाहता येतो.

आता आपल्या वऱ्हाडाचा प्रश्न. पाणी इथे वर्षातले चार महिने, ऊन त्याहून जास्त. मे महिन्यात अकोल्यात ४४-४५ अंशांचं कोणाला नवल वाटत नाही. उन्हात उभ्या गाडीचं काय होतं, यावर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००५ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला होता. बाहेर २२ ते ३६ अंश असताना बंद कारमधलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढलं. आपला ४५ चा आकडा त्यात घालून बघा. सुताराचा पांढरा गम हा पीव्हीए, म्हणजे तापला की मऊ पडणारा. टपाखालचं छताचं पॅनेल त्याच्या भरवशावर लावलं तर ते पावसाची वाट न पाहता उन्हाळ्यातच लोंबायला लागतं. पाण्याला टिकणारा गम उष्णतेला टिकेलच असं नाही, हे डब्याच्या पुढच्या बाजूला कोणी लिहीत नाही. मागच्या बारीक अक्षरांत किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ते सापडतं.

मग लावायचं काय? जागा पाहून ठरवायचं.

लोखंडी पाइपावर प्लाय बसवायचा असेल तर एक घटकाचा पीयू, म्हणजे पुढची काच ज्याने बसवतात त्या जातीचा, आणि जोडीला स्क्रू. तो वाळल्यावरही रबरासारखा लवचीक राहतो. लोखंड आणि लाकूड उन्हात वेगवेगळं हलतं, त्यात मेळघाटाच्या घाटातले हादरे. पूर्ण कडक सांधा तिथे तडकतो. पाइपाचा गंज आधी घासून प्रायमर मारलाच पाहिजे, नाहीतर गम गंजाला चिकटतो आणि गंज पाइपाला सोडतो. लाकडी पट्टीवर प्लाय असेल तर डी-४ किंवा इपॉक्सी. प्लायवर सनमायका लावायला उष्णता सहन करणारा गम. मागे थर्माकोल असेल तर सुतार ज्याला नुसतं 'एसआर' म्हणतात, तो रबरी गम तिथे अजिबात नको. त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल विरघळवून टाकतं आणि पाठीमागे पोकळी राहते. आणि पत्र्यावर थेट सनमायका पांढऱ्या गमाने लावणाऱ्यांना दंडवत. त्या गमातलं पाणी ना पत्रा पिणार ना सनमायका, तो आत ओलाच राहणार.

बाकीचे गैरसमज पटकन उरकतो.

"थर जाड म्हणजे पकड जास्त." सुतारी गमाचा थर पातळ आणि दाब भरपूर हवा. जाड थर चालतो तो पीयूचा.

"सिलिकॉन सगळ्याला चालतं." आंबट वासाचं सिलिकॉन लोखंडाला गंजवतं आणि एकदा लागलं की त्या जागी पुढे ना रंग धरत ना दुसरा गम.

"वास गेला म्हणजे वाळला." पीयू हवेतल्या ओलाव्याने वाळतो. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडे हवाच इतकी कोरडी असते की त्याला पत्रकात छापलेल्या वेळेपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो.

"प्लाय वरून कोरडा वाटतो, लावून टाका." वीस टक्के ओलाव्याच्या जुन्या पट्टीवर बहुतेक सुतारी गम नीट बसत नाहीत. साधा मॉइश्चर मीटर घ्या, तो प्लायच्या एका शीटपेक्षा स्वस्त पडतो.

"गाडीत हवा खेळती असते, स्वस्त प्लाय चालेल." हे मात्र गंमतीवारी नेऊ नका. स्वस्त प्लायमधल्या युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड वायू सुटत राहतो आणि उष्णतेत जास्त सुटतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. कतरिना वादळानंतर अमेरिकी सरकारने बेघरांना चाकावरची घरं दिली होती. तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००७-०८ च्या हिवाळ्यात अशी ५१९ घरं तपासली. हवेत हा वायू अब्जात सरासरी ७७ भाग निघाला, एका ठिकाणी तर ५९०. ते हिवाळ्यातले आकडे होते.

आणि एसआर गम बंद गाडीत लावताना दारं-खिडक्या सताड उघड्या हव्यात, शेजारी ग्राइंडर किंवा वेल्डिंग अजिबात नको. त्याची वाफ एका ठिणगीने पेटते.

जुनं पॅनेल काढलंच आहे तर नवा प्लाय आणण्याआधी एक काम करा. एकाने बाहेरून पाइपाने पाणी मारायचं, खालून सुरू करून हळूहळू वर, प्रत्येक खिडकीला आणि जोडाला दहा-दहा मिनिटं. दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि जिथून पाणी आलं तिथे खडूने खूण करायची. त्या खुणा आधी बुजवा, पुन्हा पाणी मारा, भिंत पूर्ण वाळू द्या आणि मगच गमाचा डबा उघडा. ही पाण्याची चाचणी तुमच्या डोळ्यांदेखत झाल्याशिवाय मिस्त्रीला शेवटचा हप्ता देऊ नका.