चमच्याची पाठ

लंडनच्या हेस्टर बेटमन यांच्या कारखान्यातला १७८७ सालचा चांदीचा चमचा. वीतभर लांबीचा. दांड्याच्या दोन्ही कडांनी नागमोडी रेघ, टोकाशी लंबगोल चौकट आणि तिच्यात मालकाची आद्याक्षरे. ही नक्षी खोल नाही. घोटून चकचकीत केलेल्या धारेच्या कोरणीने कारागीर चांदी तिरपी छाटतो आणि छाटलेला प्रत्येक पैलू आरशासारखा उजेड परतवतो. मेणबत्त्यांच्या काळातली ही हौस.

नक्षी दर्शनी बाजूला आली ती पंगतीची रीत बदलल्यामुळे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये चमचे पालथे मांडत. त्यामुळे घराण्याचे चिन्ह पाठीवर कोरले जाई. १७६० च्या सुमारास ‘ओल्ड इंग्लिश’ घाट रुळला, दांड्याचे टोक खाली वळले, चमचा उताणा झाला आणि कोरणीही वरच्या अंगाला आली.

पाठीवर उरले ठसे. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. उरलेले बहुधा तांबे. मुकुटधारी बिबट्याचे तोंड म्हणजे लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये कस लावला. राजाचे मस्तक म्हणजे १७८४ पासून लागू झालेला चांदीवरचा कर भरला. वळणदार लिपीत काढलेले एच आणि बी ही बेटमन यांची खूण. आणि बारीक ‘एम’ हे सालाचे अक्षर.

हे अक्षर १४७८ मध्ये सुरू झाले ते पुढच्या संग्राहकांच्या सोयीसाठी नव्हे. हिणकस चांदी पास झालीच, तर त्या वर्षी कस पाहणारा कोण होता हे कळावे आणि त्याला जाब विचारता यावा, म्हणून. सोनाराला तपासणारा होताच. त्या तपासनिसालाही धाक हवा होता.

बेटमन १७६० मध्ये विधवा झाल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या नावाची खूण नोंदवली. त्यांना लिहिता येत नव्हते असे मानतात. मुलांना हाताशी धरून त्यांनी धंदा वाढवला आणि १७९० मध्ये तो त्यांच्याकडे सोपवला.

मात्र ठसे हमी देतात ती धातूची, नक्षीची नव्हे. व्हिक्टोरियन काळात अनेक साध्या जुन्या चमच्यांवर नंतर फळे-पाने उठवली, खोलगट भागाला सोन्याचा मुलामा दिला. ठसे अठराव्या शतकाचे, सजावट एकोणिसाव्या शतकाची. दोन्ही खरे, पण एका काळाचे नव्हेत. असा चमचा घेताना बोट नक्षीवरून फिरवावे. वर्षानुवर्षे घासलेल्या चमच्यावरची अस्सल कोरणी ठशांइतकीच झिजलेली असते. ठसे पुसट आणि कोरणी बोटाला टोचणारी असेल, तर ती मागाहून केलेली असण्याचा संशय घ्यावा, आणि भाव त्या हिशेबाने ठरवावा.