दहा हजार पावलं

माझी आतेबहीण इंग्लंडमध्ये नर्स आहे. मागच्या जानेवारीत तिने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, "मी फेब्रुवारीत रोज दहा हजार पावलं चालणार आहे. मला स्पॉन्सर करा." आईने रविवारच्या फोनवर हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. पीटी, ड्रिल आणि मेसच्या फेऱ्या धरल्या तर आमची एवढी पावलं दुपारच्या जेवणाआधीच होतात. डॉर्ममध्ये सांगितलं तर शेजारच्या बेडवरचा म्हणाला, "मग आपल्याला दिवसभर बसून राहायला कोणीतरी स्पॉन्सर करा!"

पण ताई चालणार होती ती मेंदूच्या ट्यूमरवरच्या संशोधनासाठी, आणि आत्या त्याच आजाराने गेली. म्हणून सुट्टीत मी हा प्रकार नीट समजून घेतला.

स्पॉन्सर्ड वॉकमध्ये चालणारा आधी अंतर जाहीर करतो. नातेवाईक, शेजारी, सहकारी त्याच्या नावावर पैसे लावतात आणि ते थेट संस्थेला जातात. चालणं आपल्याला नवीन नाही. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे आणि लाखो लोक ते चालतात. पण वारकऱ्याला कोणी पावलामागे पैसे देत नाही. इथे चालणं म्हणजे मागण्याचा हक्क मिळवणं. नुसतं "पैसे द्या" म्हणायला ताईला संकोच वाटला असता; रात्रपाळी करून थंडीत चालणाऱ्या माणसाला तो वाटत नाही.

क्विक मार्चच्या हिशोबाने पाहू. मिनिटाला 120 पावलं, एक पाऊल 30 इंच. दहा हजार पावलांना 83 मिनिटं लागतात आणि अंतर होतं साधारण साडेसात किलोमीटर. महिनाभरात दोनशेच्या वर. हे वाचून शेजारच्या बेडवरचा गप्प झाला.

आता पैसे कुठे जातात ते. ताईची संस्था, ब्रेन ट्यूमर रिसर्च, विद्यापीठांमधली संशोधन केंद्रं चालवायला मदत करते. एका दिवसाच्या संशोधनाचा खर्च ती 2,740 पौंड धरते, म्हणजे तीन लाख रुपयांच्या आसपास. एवढी रक्कम जमवणाऱ्याच्या नावाची एक फरशी केंद्रातल्या भिंतीवर लागते.

एवढा खर्च का? आत्याला होता तो ग्लिओब्लास्टोमा. तो गाठीसारखा एका जागी बसत नाही. त्याचे धागे निरोगी मेंदूत शिरतात, त्यामुळे सर्जनला सगळा कापून काढता येत नाही. दुसरी अडचण मेंदूच्या रक्तवाहिन्यांची. त्यांचं अस्तर आमच्या गेटवरच्या संत्रीसारखं आहे, पास नसेल तर आत सोडत नाही. त्यात बहुतेक औषधंही बाहेर अडकतात. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या केंद्रात रुग्णाच्या ट्यूमरच्या पेशी त्याच माणसाच्या निरोगी पेशींपासून तयार केलेल्या मेंदूच्या मूळ पेशींशी ताडून बघतात. बिघाड नेमका कुठे झाला ते त्यातून शोधायचं. हे काम एकेका रुग्णासाठी वेगळं करावं लागतं.

बाबांनी विचारलं होतं, "आत्या नाशिकला गेली, मग पैसे इंग्लंडला कशाला?" ताईने उत्तर दिलं ते मी विसरणार नाही. आत्या नाशिकला जी कॅप्सूल घ्यायची ती टेमोझोलोमाइड. संत्रीला चुकवून आत जाणाऱ्या थोड्या औषधांपैकी एक. ते 1980 च्या दशकात बर्मिंगहॅमच्या अॅस्टन विद्यापीठात तयार झालं आणि त्याच्या सुरुवातीच्या कामाला लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या कॅन्सर संस्थेचा पैसा होता. म्हणजे चाळीसएक वर्षांपूर्वी कुणीतरी अनोळखी माणसांनी आत्याच्या औषधासाठी वर्गणी दिली होती.

त्या औषधाने किती फरक पडला? 2005 मध्ये 573 रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल छापून आला. फक्त रेडिएशन घेणाऱ्यांचा मध्यम आयुष्यकाळ 12.1 महिने, सोबत हे औषध घेणाऱ्यांचा 14.6. फरक अडीच महिन्यांचा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. एवढ्या वर्षांच्या कामाचे अडीच महिने?

आत्या पंधरा महिने होती. शेवटच्या अडीच महिन्यांत माझी दिवाळीची सुट्टी येते. तिला माझं नाव आठवायचं नाही, पण मी चकली खाताना ती माझ्याकडे बघून हसायची. मध्यम आकडा एका माणसाला असा लावता येत नाही, हे गणिताच्या सरांनी मला सांगितलं आहे. तरी मी तो लावतो.

मी पॉकेट मनीतून पाचशे रुपये दिले. दिवसाला तीन लाख धरले तर त्यात सुमारे अडीच मिनिटांचं संशोधन बसतं. ताईचे सगळे मिळून 700 पौंड जमले, म्हणजे सहा तासांपेक्षा थोडं जास्त. फरशी मिळायला अजून बरेच बाकी आहेत. येत्या फेब्रुवारीत ती पुन्हा चालणार आहे आणि शेजारच्या बेडवरच्याने शंभर रुपये कबूल केले आहेत.