गळ्यातून श्वास घेणारे तान्हे मूल

मूल जन्मास येते तेव्हा प्रसूतिगृहाच्या बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या माणसांचे कान एकाच गोष्टीकडे लागलेले असतात. ते रडले का? रडले म्हणजे श्वास चालू झाला, असा सरळ हिशेब असतो. पुढेही कित्येक महिने रडणे हीच त्याची भाषा. भूक, ओले दुपटे, पोटातील कळ, हे सारे आईला स्वयंपाकघरात बसूनही केवळ आवाजावरून कळते. परंतु काही मुले अशी असतात की ती रडतात, त्यांचा चेहरा लाल होतो, ओठ थरथरतात, मुठी आवळल्या जातात आणि आवाज मात्र मुळीच उमटत नाही. त्यांच्या गळ्याच्या पुढल्या बाजूस, कंठमण्याच्या खाली, एक छिद्र पाडून त्यात लहानशी वाकडी नळी बसविलेली असते. श्वास त्या नळीतून आत जातो आणि तिच्यातूनच बाहेर पडतो. स्वरयंत्र त्या छिद्राच्या वर असल्यामुळे त्याच्यापर्यंत वारा पोहोचतच नाही, आणि वाऱ्यावाचून स्वर कोठला? या शस्त्रक्रियेस वैद्यकात ट्रेकिऑस्टॉमी असे म्हणतात.

ही शस्त्रक्रिया आजची नव्हे. फ्रान्समधील तूर शहरी ब्रेतोनो या वैद्याने १८२५ साली घटसर्पाने गुदमरणाऱ्या एका चिमुरड्या मुलीचा गळा उघडून तिला वाचविले, आणि त्याचा शिष्य त्रुसो याने तो उपाय रूढ केला. त्या काळी छिद्र पाडावयाचे ते घशातील अडथळ्याला वळसा घालण्यासाठी. तिला दुसरे प्रयोजन लाभले ते १९५२ साली कोपनहेगनमध्ये. पोलिओची भयंकर साथ तेथे आली होती. ब्लेगडाम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा बियॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत छिद्रातून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत वारा भरला. मुलगी वाचली. मग वैद्यकाचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून आठवडेच्या आठवडे अशा पिशव्या दाबत राहिले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम या पिशव्यांत आहे.

नवजात मुलांच्या बाबतीत गोष्ट जरा वेगळ्या वाटेने गेली. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या मुलाची फुप्फुसे कच्ची असतात. त्यास श्वसनयंत्राचा आधार द्यावा लागतो. १९६० नंतरच्या दशकात तोंडातून किंवा नाकातून श्वासनलिकेत प्लास्टिकची मऊ नळी घालून ती दिवसेंदिवस ठेवण्याची पद्धत स्थिर झाली आणि तान्ह्या मुलांचे गळे उघडण्याची पाळी पुष्कळ कमी झाली. पण उपायाने आपली किंमत वसूल केली. १९६७ साली नॉर्थवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवून दिले की यंत्रावर वाढलेल्या या मुलांच्या फुप्फुसांत एक नवाच जुनाट आजार निर्माण होतो. दुसरी किंमत स्वरयंत्राने चुकविली. स्वरयंत्राच्या लगत खाली कूर्चेचे एक पूर्ण वर्तुळाकार कडे असते. श्वासनलिकेच्या इतर कड्यांची पाठ मऊ असते, ती थोडीफार फाकतात; हे कडे मात्र फाकत नाही. तेथे नळी फार दिवस घासत राहिली तर आतील त्वचेस व्रण पडतो, व्रण भरताना आकसतो आणि वाटच अरुंद होऊन बसते. म्हणजे जी मुले एरवी जगली नसती ती जगली, आणि त्यांच्यापैकी काहींना गळ्यातील छिद्राची गरज पडू लागली. याखेरीज स्वररज्जू जन्मतःच लुळे असणे, श्वासनलिकेची भिंत ढिली असणे, हनुवटी फार आखूड असल्याने जीभ मागे पडून वाट बंद होणे, किंवा स्नायूंचा असाध्य दुबळेपणा, अशीही कारणे असतात.

मुळात ही वाट किती बारीक असते याची कल्पना यावी म्हणून थोडे गणित करावे लागेल. नवजात मुलाची श्वासनलिका आतून चारपाच मिलिमीटर रुंद. मोठ्या माणसाची पंधरा ते वीस. चार मिलिमीटरच्या वाटेस सभोवार एकच मिलिमीटर सूज आली तर रुंदी उरते दोन. क्षेत्रफळ चौथ्या हिश्शावर येते. वाऱ्यास होणारा अडथळा मात्र दुपटीने किंवा चौपटीने नव्हे, तर सोळा पटीने वाढतो. मोठ्या माणसास तेवढी सूज आल्याचे कळणारही नाही. पूर्ण दिवसांच्या मुलास बसवावयाची नळी आतून तीन-साडेतीन मिलिमीटरचीच असते, आणि कफाचा एक वाळलेला कण तिचे तोंड बंद करावयास पुरतो. या मुलांच्या शुश्रूषेतील सगळी दक्षता या एका गोष्टीतून निघालेली आहे.

शस्त्रक्रियेनंतरचा पहिला आठवडा सर्वांत धोक्याचा. त्वचेपासून श्वासनलिकेपर्यंतचा मार्ग अद्याप पक्का झालेला नसतो. नळी निसटली तर ती परत बसविताना वाट चुकून आसपासच्या पेशीजालात शिरण्याचे भय असते. म्हणून शल्यवैद्य श्वासनलिकेच्या छेदाच्या दोन्ही कडांस एकेक लांब टाका घालून त्यांची टोके छातीवर चिकटवून ठेवतो. प्रसंग आलाच तर ते धागे ओढताच छिद्र उघडून समोर येते. साधारणतः पाच ते सात दिवसांनी पहिली नळी बदलतात, आणि ते काम शल्यवैद्य स्वतः करतो. त्यानंतर धागे काढले जातात आणि मूल हळूहळू आईच्या हाती येऊ लागते.

येथून पुढची विद्या परिचारिकेकडून आईकडे जावयाची असते. पहिला पाठ ओलाव्याचा. आपण नाकाने श्वास घेतो तेव्हा नाक वारा गाळते, ऊन करते आणि ओला करते. नळीने नाकास वगळल्यावर कोरडा, थंड, धुळकट वारा थेट फुप्फुसांत जातो, कफ घट्ट होतो आणि नळीच्या भिंतीस खपलीसारखा चिकटतो. म्हणून यंत्रावरील मुलास तापविलेली वाफ देतात, आणि यंत्र सुटलेल्या मुलाच्या नळीवर कागदाच्या किंवा स्पंजाच्या घड्यांची एक टोपी बसवितात. बाहेर पडणाऱ्या उच्छ्वासातील ऊब व ओल ती धरून ठेवते आणि पुढच्या श्वासाला परत करते. जणू उसनेच नाक.

दुसरा पाठ कफ ओढण्याचा. मुलास खोकता येते, पण कफ नळीच्या तोंडाशी येऊन अडतो. तो बारीक नळीने, शोषणयंत्राच्या साहाय्याने काढावा लागतो. बारीक नळी किती आत घालावयाची ते आधीच मोजून तिच्यावर खूण केलेली असते. गळ्यातील नळीच्या टोकापर्यंतच ती जावी. पुढे गेली तर श्वासनलिकेच्या भिंतीस इजा होते, जखमेवर मांस वाढते आणि तेच मांस पुढे वाट अडविते. पूर्वी बारीक नळी अडेपर्यंत आत सारीत असत. ती रीत आता चुकीची ठरली आहे. एका खेपेस पाच ते दहा सेकंद, त्याहून अधिक नाही, कारण कफाबरोबर वाराही ओढला जात असतो. शिकविणाऱ्या परिचारिका कधीकधी आईस तेवढा वेळ स्वतःचा श्वास रोखून धरावयास सांगतात. घड्याळापेक्षा हे माप बरे. कफ ठरलेल्या वेळी नव्हे, तर गरजेप्रमाणे काढावयाचा. नळीत घरघर होते आहे का, नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, हे पाहून.

तिसरा पाठ गळ्याभोवतीच्या बंदाचा. बंद आणि मान यांच्या मध्ये आईचे एक बोट जाईल इतकाच तो सैल असावा. दोन बोटे जातील इतका सैल राहिला तर खोकल्याच्या एका उबळीत नळी बाहेर येते. तान्ह्या मुलाची मान आखूड, तिच्यावर वळ्या, त्यांत लाळ आणि कफ साचतो. तेथील त्वचा रोज धुऊन कोरडी केली नाही तर ती सोलवटते. बंद किंवा नळी बदलण्याचे काम दोघांनी करावयाचे. एकाने नळी बोटांनी धरून ठेवावयाची, दुसऱ्याने बंद बांधावयाचा. नळी बदलतेवेळी मुलास दुपट्यात गुंडाळून, खांद्यांखाली लहानशी गुंडाळी ठेवून मान किंचित मागे करतात, म्हणजे छिद्र नीट दिसते.

आणि मग घर येते. रुग्णालयातून निघण्यापूर्वी घरातील निदान दोन माणसांस हे सारे आले पाहिजे. ‘आई शिकली आहे’ एवढ्याने भागत नाही. आईसही कधी झोप लागते, ताप येतो. मूल जेथे जाईल तेथे एक पिशवी त्याच्याबरोबर जाते. तीत त्याच मापाची एक नळी, एक माप लहान अशी दुसरी नळी, बंद, कात्री, कफ ओढण्याचे साहित्य आणि वारा भरण्याची रबरी पिशवी असते. लहान मापाची नळी का? सुजेमुळे छिद्र आकसले तर नेहमीची नळी शिरत नाही, लहान शिरते. वीज गेली म्हणजे चालावे म्हणून बॅटरीवरचे किंवा पायाने दाबावयाचे शोषणयंत्र जवळ हवे, हे आपल्याकडील बहुतेक गावांस वेगळे सांगावयास नको.

मराठी घरात एक अडचण विशेष येते. न्हाऊ घातल्यावर बाळास ओव्याची वा वेखंडाची धुरी देण्याची, अंगास वेखंडाची पूड लावण्याची आपली जुनी चाल आहे. आजीच्या मनात बाळाच्या भल्याखेरीज दुसरे काही नसते. पण गळ्यातून श्वास घेणाऱ्या या मुलास गाळण्यासाठी नाकच नाही. धुरी, उदबत्ती, चुलीचा धूर, विडीचा धूर, पूड, पावडर, केस सुटणारी लोकरीची कुंची, हे सारे सरळ आत जाते. आजीस नुसते ‘नको’ म्हणून चालत नाही; तिलाही रुग्णालयात बोलावून नळी दाखवावी, तळहातावर नळीतून येणारा वारा अनुभवू द्यावा. न्हाऊ घालावयाचे ते उथळ पाण्यात, मान वर धरून, गळ्यापाशी तांब्याने पाणी न ओतता. काळा दोरा गळ्यात न बांधता पायात बांधला तरी दृष्ट लागावयाची ती टळतेच, असे आजीस सांगितले तर ती बहुधा ऐकते.

सर्वांत कठीण गोष्ट पुन्हा आवाजाचीच. रात्री मूल गुदमरू लागले तर ते हाक मारू शकत नाही. म्हणून बोटास लावावयाचे प्राणवायूमापक यंत्र किंवा जागे असलेले माणूस, आणि खरे तर दोन्ही, जवळ असावे लागते. अनेक आया मुलाच्या पायात घुंगरांचे वाळे घालतात. यंत्राची जागा वाळा घेऊ शकत नाही, पण पाय झाडल्याचा आवाज येतो आणि ज्या मुलाला आवाज नाही त्यास एक आवाज मिळतो.

या मुलांनी घरी राहावे की रुग्णालयात, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नसतो. तो पैशाचा आणि नियमांचाही असतो. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९७८ साली जन्मलेल्या केटी बेकेट या मुलीस तान्हेपणीच मेंदूज्वर झाला आणि ती गळ्यातील नळीतून यंत्राच्या श्वासावर जगू लागली. ती घरी जाण्याइतकी सुधारली, आईबापांनी सारे शिकून घेतले. पण सरकारी वैद्यकीय योजना तिचा खर्च रुग्णालयात असेपर्यंतच सोसावयास तयार होती. घरचा खर्च रुग्णालयातील खर्चाच्या एका अल्प अंशाएवढा असूनही नियम तिला खाटेवर ठेवीत होता. १९८१ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी या प्रकरणाचा जाहीर उल्लेख केला, नियमास अपवाद झाला, आणि नाताळापूर्वी केटी घरी गेली. पुढल्याच वर्षी कायद्यात अशी तरतूद झाली की अशा इतर मुलांसही ती वाट मोकळी व्हावी. केटी स्वतः शिकली, मोठी झाली, अपंगांच्या हक्कांसाठी बोलत राहिली; २०१२ साली ती वारली. नियम करणाराच्या मनात क्रूरता नव्हती. फक्त नियम लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर खाट होती, घर नव्हते.

आपल्या देशात जिल्हा रुग्णालयांतून नवजात बालकांचे विशेष कक्ष उभे राहिले आहेत, आणि २०११ पासून सरकारी रुग्णालयात आजारी अर्भकाचे उपचार व ने-आण विनामूल्य करण्याची योजना आहे. पण कक्षाच्या दारातून बाहेर पडल्यावर शोषणयंत्र, नळ्या, उसन्या नाकाच्या टोप्या यांचा भार पुष्कळदा आईबापांच्या पदरीच येतो. आणखी एक क्षुल्लक वाटणारी उणीव अशी की घरी सोडतानाचा कागद बहुधा इंग्रजीत असतो. नळीचे माप, बारीक नळी किती आत घालावयाची तो आकडा, नळी निसटल्यास प्रथम काय करावयाचे, हे चार ओळींत, घरच्यांस वाचता येईल अशा भाषेत आणि मोठ्या अक्षरांत पाळण्याजवळच्या भिंतीवर हवे. त्यास खर्च एका कागदाचा.

पुष्कळ मुलांची नळी कायमची नसते. फुप्फुसे वाढतात, ढिली भिंत घट्ट होते, अरुंद वाट शस्त्रक्रियेने रुंद करता येते. अमेरिकेत सिनसिनाटी येथील रॉबिन कॉटन यांनी या शस्त्रक्रियेत मोठे काम केले. वर्ष, दोन वर्षे, कधी अधिक काळ जातो. मग दुर्बिणीतून वाट पाहून, नळीचे माप कमी करीत, दिवसा तिच्यावर बूच बसवून, मूल नाकातोंडाने किती वेळ श्वास घेते ते पारखतात. अखेरीस रुग्णालयात ठेवूनच नळी काढतात आणि छिद्रावर एक साधी पट्टी चिकटवितात. छिद्र बहुधा आपोआप मिटते. नाहीच मिटले तर ते शिवतात. त्या पहिल्या दिवशी मूल बरेचदा दचकते, कारण खोकताना किंवा रडताना आपल्याच गळ्यातून निघालेला आवाज त्याच्या कानांस पुरता ओळखीचा नसतो. रात्रभर परिचारिका त्याच्या नाकपुड्या व बरगड्या पाहत राहते, आणि उशाशी ती पिशवी, आतल्या दोन्ही नळ्यांसह, अजून काही दिवस तशीच असते.