खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी

खांद्याचा सांधा शरीरातील सर्वांत मोकळा फिरणारा सांधा आहे, कारण त्याची वाटी उथळ असते. हाडाचा गोळा त्या वाटीत धरून ठेवण्याचे काम चार स्नायू आणि त्यांच्या कंडरा करतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. फाटलेली कंडरा सर्जन दोऱ्यांनी पुन्हा हाडाला बांधतो. ती हाडाशी पुरेशी जुळायला मात्र साधारण १२ आठवडे लागतात, आणि दुखणे त्याच्या बरेच आधी ओसरते. घरी घोटाळा होतो तो याच मधल्या काळात. हात हलका वाटतो, हात गळ्यात अडकवायची झोळी, म्हणजे स्लिंग, अडचणीची वाटते आणि रुग्ण भरलेली बादली उचलतो.

पहिली रात्र वेगळीच असते. मानेजवळ दिलेल्या भुलीमुळे हात बारा ते चोवीस तास बधिर राहू शकतो आणि भूल उतरताच वेदना एकदम उसळते. म्हणून गोळी दुखू लागण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घ्यावी. बर्फ कापडात गुंडाळून एका वेळी १५ ते २० मिनिटे लावावा. बधिर कातडीला बर्फाचा चटका कळत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे.

झोप हा सर्वांत मोठा प्रश्न. सपाट निजल्यावर खांदा मागे ओढला जातो. पाठीशी उशा लावून अर्धवट बसल्यासारखे निजावे, कोपराखाली एक उशी ठेवावी आणि स्लिंग रात्रीही काढू नये. कित्येकांना काही आठवडे आरामखुर्चीच बरी पडते.

कपड्यांत पुढून उघडणारा सैल सदरा किंवा गाउन सोयीचा. घालताना शस्त्रक्रियेचा हात आधी, काढताना तोच शेवटी. काखेत घाम साचून कातडी सोलवटते. कमरेत किंचित वाकून हात सैल लोंबू द्यावा आणि काख पुसून कोरडी करावी. टाके निघेपर्यंत जखम भिजू देऊ नये. भारतीय पद्धतीच्या शौचालयातून किंवा जमिनीवरून उठताना त्या हाताचा रेटा द्यावा लागतो, म्हणून कमोड किंवा उंच खुर्चीची सोय आधीच करावी. पोळ्या लाटणे, कुकर उचलणे, साडीच्या निऱ्या खोचणे ही कामे घरच्यांनी न सांगता आपल्याकडे घ्यावीत.

बोटे, मनगट आणि कोपर यांची हालचाल बहुधा पहिल्या दिवसापासून सुरू होते. खांद्याची मात्र सर्जन व फिजिओथेरपिस्ट सांगतील तेव्हाच. स्लिंग सहसा चार ते सहा आठवडे असते आणि ताकदीचे व्यायाम सुमारे तीन महिन्यांनंतर. क्रिकेटपटूंचेच उदाहरण घ्या. सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. तो वेस्ट इंडीजच्या दौऱ्याला मुकला आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला परतला, तो नाबाद १४१ धावा करत. श्रेयस अय्यरचा खांदा मार्च २०२१ मध्ये पुण्याजवळ गहुंजेला निखळला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि दिल्ली कॅपिटल्सकडून तो सप्टेंबरमध्ये खेळला. उत्तम वैद्यकीय मदत हाताशी असलेल्या तरुण खेळाडूंनाही पाच महिन्यांहून अधिक काळ लागला, मग साठीतल्या माणसाने दुसऱ्या महिन्यात हात डोक्यावर जात नाही म्हणून खचण्याचे कारण नाही.

दिल्लीत उपचारासाठी आलेला मराठी रुग्ण कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात उतरला असो वा नातेवाइकांकडे, परतीसाठी रेल्वेची खालचीच बर्थ घ्यावी. मेट्रोत लोंबत्या कडीला शस्त्रक्रियेच्या हाताने धरू नये. स्लिंग असेपर्यंत गाडी किंवा स्कूटर चालवू नये. दिल्लीच्या थंडीत स्वेटर डोक्यातून ओढण्यापेक्षा शाल पांघरावी.

ताप, जखमेतून पू किंवा वाढती लाली, भूल उतरल्यावरही न जाणारा बोटांचा बधिरपणा, अचानक वाढलेली वेदना यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी सर्जनला कळवावे. धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.