चावीवरचा राखणदार

अद्भुतकथांत चावी दिली की लोखंडी घोडा दिवसभर दौडतो आणि पितळी पहारेकरी रात्रभर गस्त घालतो. असं यंत्र खरंच किती चालेल, हे आपण गडचिरोलीतल्या एका कल्पित यंत्रावर ताडून पाहू. दिवाळीच्या सुमाराला धान पिकलंय, बांधीत रानडुकरं शिरताहेत. माळ्यावर रात्रभर डबा वाजवायचं काम यंत्राला द्यायचंय, आणि तेही विजेशिवाय.

पहिली पायरी कामाच्या मोजणीची. दर अर्ध्या मिनिटाला एक ठोका धरला, तर दहा तासांत १२०० ठोके होतात. २०० ग्रॅमचा हातोडा १५ सेंटीमीटर उचलायला ०.३ ज्यूल लागतात. ज्यूल हे ऊर्जेचं माप. १०० ग्रॅमची वस्तू मीटरभर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो. एकूण ३६० झाले. निम्मी ऊर्जा घर्षणात जाईल असं धरून ७२० ज्यूल हाताशी ठेवावेत.

दुसरी पायरी साठ्याची. चावी ऊर्जा निर्माण करत नाही, आपल्या दंडातला जोर साठवून ठेवते. स्प्रिंगची पोलादी पट्टी किलोमागे जेमतेम शे-दोनशे ज्यूल धरते, आणि सुटत जाते तसा तिचा जोर ओसरतो. टांगलेलं वजन मात्र शेवटपर्यंत सारखंच ओढतं. ३० किलोचा दगड अडीच मीटर चढवला की ७३५ ज्यूल जमा होतात. आपलं काम भागलं.

कथालेखक बहुतेकदा इथेच फसतात. चालत गस्त घालणाऱ्या यंत्राला सेकंदाला १०० ज्यूल लागले, तर हाच दगड सात सेकंदांत जमिनीला टेकेल.

तिसरी पायरी चाकांची. दोर गुंडाळायच्या रिळाचा घेर अर्धा मीटर असला, तर रात्रभरात त्याचे पाचच फेरे होतात. हातोडा उचलणाऱ्या चाकावर आठ खुंट्या असतील, तर १२०० ठोक्यांसाठी त्याला १५० फेरे हवेत. म्हणजे वेग तीसपट वाढवायला हवा. ६० दात्यांचं चाक १० दात्यांच्या चाकाला जोडलं की वेग सहापट होतो, पुढे ५० दात्यांचं १० दात्यांच्या चाकाला जोडलं की आणखी पाचपट. पण वेग तीसपट वाढला की जोर तीसपट घटतो, हे विसरू नये.

चौथी पायरी लगामाची. मीटरभर लांबीच्या लंबकाला एकदा जाऊन परत यायला दोन सेकंद लागतात. तेवढ्यात तो ३० दात्यांच्या चाकाचा एकच दाता सोडतो. या अडसराला एस्केपमेंट म्हणतात. ते चाक मिनिटाला एक फेरा करतं. त्याच्या दांड्यावरच्या दोन खुंट्या दर अर्ध्या मिनिटाला हातोड्याची कडी उघडतात. लंबक आणि हातोडा एकाच दगडावर चालवू नयेत, नाहीतर ठोक्याच्या वेळी लंबक अडखळतो. टोल्यांच्या घड्याळातही वेळेचं वजन वेगळं आणि टोल्यांचं वेगळं असतं.

पाचवी पायरी हवेची. दवाने लोखंड गंजतं, सुती दोर फुगतो. लाकडी चाकांना आलापल्लीचं सागवान उत्तम, पण ते नीट वाळलेलं हवं. टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल घरात असलं तरी दांड्यांना लावू नये. थंडीत ते थिजतं आणि पहाटे यंत्र अडतं.

शेवटची पायरी, यंत्राला कोणतं काम द्यायचं ती. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत बाळांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी एक साधं साधन केलं. त्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी आहेत. दर दहा श्वासांना दाई एक मणी सरकवते. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली की धोका. घड्याळ उलटं करणं हीच त्याची चावी. वाळू फक्त वेळ मोजते, बाकी सगळं दाई पाहते. ट्रेव्हर बेलिस यांनी १९९१मध्ये शोधलेला चावीचा रेडिओही चालला, कारण रेडिओची भूक थोडी.

तेव्हा कथेतल्या यंत्राला वेळ मोजायला, इशारा द्यायला, कळ सोडायला लावावं. नांगरणी किंवा उड्डाण हवंच असेल, तर रोज दगड वर चढवणारे हात किती आणि कुणाचे, तेही लिहावं. त्या जगातली मजुरी आणि सत्ता त्यावरूनच ठरेल.