शेरी कास्क व्हिस्कीत शेरी नसते, मग मनुक्यांची चव येते कुठून?

बाटलीवर ‘शेरी कास्क’ लिहिलेलं असतं आणि दर शेजारच्या बाटलीपेक्षा चढा असतो. बघणाऱ्याला वाटतं, यात शेरी मिसळलेली असणार. तर तसं नाही. कास्क म्हणजे लाकडी पिंप, आणि सगळा खेळ त्या पिंपाचा आहे.

शेरी ही स्पेनच्या हेरेझ भागातली, वरून अल्कोहोल घालून कडक केलेली वाईन. पूर्वी ती पिंपांतून ब्रिटनला जायची. रिकामी झालेली पिंपं स्वस्तात मिळायची, म्हणून स्कॉटलंडवाले त्यातच व्हिस्की भरून ठेवायचे. काटकसर करता करता चव सापडली! पुढे १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करायचं बंधन आलं आणि पिंपं येणं थांबलं. आता व्हिस्कीसाठीच नवी पिंपं बनवतात, त्यात वर्ष-दोन वर्षं शेरी ठेवतात आणि मग काढून घेतात. लोणच्याची बरणी कितीही धुतली तरी वास राहतो ना, तसंच.

ओलोरोसो शेरीच्या पिंपातून अक्रोड, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग अशी चव उतरते. पेद्रो हिमेनेझ ही शेरी वाळवलेल्या द्राक्षांची, त्यामुळे तिच्या पिंपातून मनुका, खजूर, अंजीर आणि काकवीसारखा गोडवा येतो. युरोपियन ओक असेल तर जिभेवर तुरटपणाही जाणवतो. कधी चक्क विझलेल्या काडीचा वास येतो. पिंप खराब होऊ नये म्हणून आत गंधक जाळतात, त्याचा हा प्रसाद.

हाच प्रकार आपल्या शेजारी, गोव्यातल्या कुंकळ्ळीतही होतो. तिथल्या पॉल जॉनने २०१२ मध्ये पहिली सिंगल माल्ट बाजारात आणली, नंतर ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेझची पिंपंही वापरली. स्कॉटलंडमध्ये मुरताना वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. गोव्याच्या उकाड्यात हेच प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास. शेलूबाजारात मे महिन्यात उघड्या घंगाळातलं पाणी कसं उतरतं, ते आठवा. उष्णतेमुळे लाकडाची चवही लवकर उतरते. पण हिला स्कॉच म्हणता येत नाही, कारण त्यासाठी स्कॉटलंडमध्येच किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात मुरावं लागतं.

आणि गडद रंगावर भाळू नका. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरामल घालायला कायद्याने परवानगी आहे. लेबलवर ‘शेरी कास्क फिनिश’ असेल, तर व्हिस्की आधी दुसऱ्या पिंपात मुरलेली असते आणि शेरीच्या पिंपात फक्त शेवटचा काळ काढते, कधी कधी काही महिनेच.